जन्या, तुझ्या मणक्यात गॅप नव्हता

जन्या, तू एका डासाच्या हातून गेलास, याबद्दल मी तुला कधीही माफ करणार नाही.

इतकी वर्षं विमान घेऊन आकाशात काढलीस. वादळं चुकवलीस, पक्षी चुकवलेस, दिल्लीचं धुकं चुकवलंस. आणि शेवटी आडवा कोण आला? तुझ्याच मागच्या पडवीतल्या पिंपात जन्मलेला एक डास. त्याला ना लायसन, ना मेडिकल, ना उतरायची परवानगी. आला आणि चावला. आधी अलिबाग, मग मुंबई, मग परत घरी, पण अॅम्ब्युलन्समधून. डेंग्यू म्हणजे डेंग्यू, कागदावर लिहिलेलं आहे. तरी धक्क्यावरच्या काही शहाण्यांनी रडायच्या आधी एकमेकांकडे बघून घेतलं. 'गोळ्या खायचा ना तो? डोक्याच्या?' मी तिथंच होतो. डासालासुद्धा गावानं श्रेय दिलं नाही रे!

पेपरात तुझी छोटी बातमी आली. शिक्षण, नोकरी, पश्चात कोण, सगळं त्यात आहे. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू मध्येच उठून गेलास, हे तुला शोभत नाही.

तू मला नाटक्या म्हणायचास. बरोबरच आहे. हळदी, साखरपुडे, क्रिकेटचे सामने, जिथं माइक तिथं मी. माइकचा मालकही मीच, त्यामुळे मला थांबवणार कोण? पण खरं नाटक तुझं आयुष्य होतं. तांडेलाचा मुलगा, आणि याला बोट लागते! रेवसहून भाऊच्या धक्क्याला निघालेल्या लाँचमध्ये आवळासुपारी गालात धरून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत बसलेला कोळी मी आयुष्यात एकच पाहिला. तुझे बाबा म्हणायचे, "याला पान्यात न्हेऊ नका. मासं हसतात." समुद्रानं नाकारला म्हणून तू वर गेलास. वर मात्र तुला कधी मळमळलं नाही. मी विचारलं तर म्हणालास, "वर लाटा दिसत नाहीत ना." हे काय उत्तर झालं?

पण बाबांची बोट तू पोटात घेऊनच वर गेलास, हे मला फार उशिरा कळलं.

आपल्या धक्क्यावर एक रीत होती. सगळ्या कोळीवाड्यांत असेल असं नाही, म्हणून वाचणाऱ्यांसाठी सांगतो, तू जरा कळ काढ. बोट सुटायच्या आधी खलाश्यांमधला सगळ्यात वडीलधारा माणूस तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारायचा, "मन बोटीवर हाय का?" तांडेल 'हाय' म्हणाला की दोर सुटला. 'न्हाय' म्हणाला तर तो खाली उतरायचा आणि सुकाणू दुसरा कोणी धरायचा. कारण विचारायचं नाही. आणि बोट परत आली की त्याच्या वाट्याची टोपली त्याच्या दारात पोचायचीच, जशी काही त्यानंच बोट नेली होती.

तुझी धाकटी बहीण तापात गेली त्या वर्षी तुझे बाबा सबंध हंगाम 'न्हाय' म्हणाले. रोज पहाटे धक्क्यावर जायचे, विचारलं की मान हलवायचे, आणि परत यायचे. टोपली रोज आली. "त्या टोपलीवर मी वाढलो," हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस की मला त्यातले मासे तोंडपाठ झाले.

आता तुझी चूक सांगतो. कोळीवाड्यात वाढलेल्या माणसालाच होऊ शकते अशी चूक!

कित्येक महिने तुझं काहीतरी बिनसलं होतं. तू सुट्टीवर यायचास आणि ओट्यावर बसून समोरच्या जाळ्याकडे बघत राहायचास. मी विनोद सांगायचो, तू योग्य जागी हसायचास. इतक्या अचूक जागी हसणारा माणूस संशयास्पद असतो. मग एक दिवस, विमान खाली आणताना, तू चेकलिस्टमधली एक ओळ वाचलीस, शेजारच्या पायलटनं उत्तर दिलं, आणि तुला कळेना की ही ओळ तू आत्ता वाचलीस की कालच्या विमानात. विमान उतरलं, व्यवस्थित उतरलं. लोक सामान घेऊन घरी गेले. कुणाला काही कळलं नाही. "विमान नीट चालत होतं रे," तू म्हणालास, "मीच चालत नव्हतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी पुढची फेरी होती. तू कंपनीत फोन लावलास आणि काय म्हणालास? आजारी आहे म्हणायचं, ताप आहे म्हणायचं, पोट बिघडलंय म्हणायचं. सगळी दुनिया पोटावर ढकलते. तू म्हणालास, "आज मन जहाज पे नहीं है."

पलीकडची ड्यूटीवरची मुलगी गोंधळली. "सर, आपको छुट्टी चाहिए?"

"छुट्टी नहीं. मन नहीं है."

"सर, मन तो मेरा भी नहीं है."

हा प्रसंग तू मला दोन्ही आवाज काढून सांगितलास. मुलीचा आवाज फारच वाईट काढलास. पण ती मुलगी शहाणी निघाली. म्हणाली, "सर, आप ठीक हो?" आणि तू म्हणालास, "नहीं." इतक्या महिन्यांत तुला हे विचारणारी ती पहिली. त्यात मीही आलो, माहीत आहे मला. मी विनोद सांगत होतो.

मग कंपनीचे डॉक्टर, मग मनाचे डॉक्टर, मग वरचा मेडिकल बोर्ड. निदान झालं डिप्रेशनचं. गोळ्या सुरू, विमान बंद. आणि विमान बंद म्हणजे उडण्याचा भत्ता बंद. तू घरी येऊन बसलास आणि वाट बघायला लागलास. कसली? टोपलीची! तुला खरोखर वाटलं होतं की 'न्हाय' म्हटलं की कोणी कारण विचारणार नाही आणि वाटा दारात येईल. कारण तर त्यांनी सतरा कागदांवर विचारलं. आणि दारात आला तो फक्त तुझा दादूस.

महादेवदादूस. तुझा थोरला भाऊ, बाबांच्या मागे तीच बोट चालवणारा. त्यानं चार दिवसांत गावभर जाहीर केलं की जन्याच्या मणक्यात गॅप आलाय. जन्या, आपल्या तालुक्यात मणक्यातल्या गॅपइतकं प्रतिष्ठित दुखणं दुसरं नाही. सरपंचाला आहे, मास्तरांना आहे, माझ्या जनरेटरवाल्याला आहे. लोक तुला बघायला तेल घेऊन आले! आणि तू प्रत्येकाला ओट्यावर बसवून, चहा पाजून सांगायचास, "मणका बरा आहे. मन आजारी आहे. औषध चालू आहे." लोक चहा पिऊन बाहेर पडायचे आणि म्हणायचे, "बिचारा. मणक्याचं डोक्यात गेलंय."

हसू नकोस. तेव्हाही हसलास, तुझ्या बायकोनं, सुवर्णावहिनींनी, तुला आतून हाक मारून गप्प केलं होतं.

आपलं भांडण तेव्हा सुरू झालं. माझा मुद्दा साधा होता, आणि तो अजूनही कायम आहे, तू गेलास म्हणून मी तो सोडणार नाही. मी म्हणत होतो, या तपासण्या म्हणजे नाटक आहे. छापील प्रश्न, छापील उत्तरं. खोटं बोलणारा विमान चालवतो आणि खरं बोलणारा ओट्यावर बसतो. आपल्या धक्क्याची अर्धी रीत या लोकांनी उचलली. विचारायचं तेवढं घेतलं, टोपली विसरले. मग 'न्हाय' कोण म्हणेल? घरी पोरंबाळं असलेला माणूस मरगळलेला असला तरी छाती काढून 'हाय' म्हणेल आणि दोनशे माणसं घेऊन वर जाईल.

तू म्हणालास, "तुला जमेल का तसं बोलायला?"

मला! मला विचारतोस? मी ओट्यावरच उभा राहिलो. सुके बोंबील तुझ्या मांडीवर, ते बाजूला ठेवून तू डॉक्टर झालास.

"झोप कशी लागते?"

"डॉक्टर, आडवा होतो न होतो तोच!"

"उदास वाटतं?"

"उदास? आमच्या घराण्यात ते कुणाला जमलंच नाही."

"विनाकारण रडू येतं?"

"फक्त भारत हरला की."

"भूक?"

"वहिनींना विचारा!"

सुवर्णावहिनी आतून ओरडल्या, "सकाळपासून चार भाकऱ्या!"

तू टाळी दिलीस. "पास! कॅप्टन नाटक्या, विमान घ्या!" आपण दोघं इतके हसलो की समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली.

मग तू डोळे पुसलेस आणि डॉक्टरच्या नाही, तुझ्या स्वतःच्या आवाजात विचारलंस, "आई जाऊन किती दिवस झाले रे तुझी?"

"झाले की. दोन-अडीच महिने."

"आणि झोप?"

मी म्हटलं, "हा प्रश्न नाटकात नव्हता."

"नव्हताच."

मी बोंबलांकडे बघत बसलो. आईचं सगळं करून तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेणला एका हळदीत उभा राहून अडीच तास लोकांना हसवलं होतं, आणि त्यानंतर धड झोपलो नव्हतो. हे बायकोलाही माहीत नव्हतं. तू काही समजूत घातली नाहीस, उपदेश केला नाहीस. एक बोंबील मोडून अर्धा माझ्या हातात दिलास, जशी आपण शाळेत गोळी वाटून घ्यायचो. मग म्हणालास, "बघ, कागदाला तू गंडवलंस. मला नाही गंडवू शकलास, कारण मी तुला ओळखतो. विमानातसुद्धा शेजारी कोणीतरी बसलेला असतो. त्यानं विचारायला हवं. आणि ज्याला विचारलं त्याला घाबरायला लागू नये."

"आणि टोपली?"

"येईल."

"कधी?"

"मागत राहिलो तर."

"कोळी आहेस का साधू?"

तू हसलास फक्त. डॉक्टरकडे मात्र मला तूच घेऊन गेलास, स्कूटरच्या मागे बसवून. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. मी आभार मानले असते तर तू विनोद केला असतास आणि मग मला त्याहून मोठा करावा लागला असता. म्हणून राहिले. आता मानतो. तू मध्ये बोलू शकत नाहीस, हा एक फायदा.

पण मुद्दा मी सोडलेला नाही! तू म्हणायचास, आधी कोणीतरी 'न्हाय' म्हणायला लागतं, मग नियम बदलतात. मी म्हणतो, पहिला 'न्हाय' म्हणणाऱ्याच्या घरची चूल विझते, त्याचं काय? तू नेहमी याच ठिकाणी चहा मागवायचास.

मग तू बरा झालास. हे वाक्य मी मुद्दाम सुटं लिहितो, कारण गावात हे कोणी बोलतच नाही. गोळ्या घेतल्यास, डॉक्टरांपुढे बसलास, रडलास, चाललास, पुन्हा तपासण्या दिल्यास, त्यांनी फिरवलं तितकं फिरलास. वर्षाहून जास्त गेलं. आणि एक दिवस त्यांनी तुला परत विमान दिलं.

लोक म्हणाले, आता याच्या विमानात कोण बसणार?

मी बसलो. नागपूरला माझं काहीही काम नव्हतं. तरी तुझी फेरी विचारून घेतली, तिकीट काढलं, आणि खिडकीत जाऊन बसलो. तुझा आवाज आला, "नमस्कार, मी आपला कॅप्टन," असा काही सपाट, कोरडा की माइकचा अपमान. मी शेजारच्या गृहस्थाला म्हटलं, "आमच्या गावचा आहे. लहानपणापासून ओळखतो. याला बोट लागते." त्याचा चेहरा पडला. मी आणखी सांगितलं, "मध्ये आजारीही होता, मनानं. स्वतःच फोन करून सांगितलंन, आज नको म्हणून." गृहस्थानं कमरेचा पट्टा घट्ट केला. मग मलाच म्हणाला, "मग ठीक आहे. न सांगणाऱ्याची भीती वाटते." त्याला मी गोळी दिली, आवळ्याची.

नागपूरला उतरताना तू विमान आपटलंस. दारात उभा होतास, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्टे.

"कसं वाटलं?"

"आपटलंस."

"वारा आडवा होता."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

मागे रांग खोळंबली होती. तू माझा हात धरून ठेवलास, जरा जास्तच वेळ. मी संत्री घेऊन परत आलो.

त्यानंतर तुला फोन यायला लागले. कुठून कुठून पायलट, पोरं, बायका, तुझ्याहून वयानं मोठी माणसं. कोणी कोणाला तुझा नंबर दिला, देव जाणे. तू ओट्यावर बसून करंदी, म्हणजे बारकी कोळंबी, सोलत, फोन कानात खुपसून बोलायचास. "नाव नको सांगू. जेवलास का ते सांग." आणि मग शेवटी, प्रत्येकाला, न चुकता, "उद्या नको उडू. डॉक्टरला भेट. मी डॉक्टर नाही." कधी कधी पलीकडचा माणूस चिडायचा, मला शेजारी बसून ऐकू यायचं. तू ऐकून घ्यायचास आणि पुन्हा तेच म्हणायचास, "उद्या नको."

तर आता तुझ्या शोकसभेकडे येतो. बाराव्याच्या संध्याकाळी, तुझ्याच अंगणात. माइक माझा, मंडप माझा, बोलणारही मीच. त्याच्या आदल्या दिवशी दादूस माझ्याकडे आला. उंबऱ्यावरच उभा राहिला.

"बाल्या, उद्या मनाचं काय बोलू नको."

"मग काय बोलू?"

"मनका म्हन. न्हायतर काय नको म्हनू. चांगला होता म्हन."

"चांगला होता हे त्याच्या दुश्मनालाही माहीत आहे, दादूस."

"माझी पोर लग्नाची हाय." त्यानं दाराची चौकट धरली. "उद्या कोन इचारील, तुमच्या घरात येडे हायत का. तू बोलून मोकला व्हशील. घर आमचं हाय."

मी त्याला पाणी दिलं. तो वाईट माणूस नाही, जन्या. तू दवाखान्यात होतास तेव्हा बाहेरच्या बाकावरून तो उठला नाही. पण मी हो म्हटलं नाही. मी म्हटलं, वहिनींना विचारतो.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, त्यांनी कधी लपवलं?"

"नाही."

"मग मी कोण लपवणारी? पण आयेला विचारा. तिच्यासमोर बोलणार आहात."

तुझ्या आयेला विचारायचं माझं धाडस झालं नाही. तू गेल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. मी दारापर्यंत गेलो, तिनं माझ्याकडे बघितलं, मी परत आलो.

सभेला गाव होतं. मागच्या रांगेत शहरातून आलेली काही माणसं होती, ज्यांना कोणी ओळखत नव्हतं. ती लाँचनं आली होती आणि एकमेकांशीही बोलत नव्हती. मी त्यांच्या खांद्यांची ठेवण बघून ओळखलं. ज्यांना तू नाव विचारलं नाहीस, ती ही माणसं. पुढच्या खुर्चीत तुझी आये. मंडपाच्या कडेला, विजेच्या बोर्डापाशी, दादूस.

सरपंच बोलले, मास्तर बोलले. दोघांनीही मणक्याबद्दल हळहळ व्यक्त केली. मग मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातातला माइक जड झाला.

मी म्हटलं, "जन्याच्या मणक्यात गॅप नव्हता."

सरपंचांनी मान वर केली.

"त्याला डिप्रेशन होतं. ते त्यानं स्वतः फोन करून सांगितलं, म्हणून त्या दिवशीचं विमान दुसऱ्यानं नेलं आणि त्यातली माणसं सुखरूप घरी पोचली. त्यांना जन्या माहीतसुद्धा नाही. त्यानं औषध घेतलं. तो बरा झाला. परत उडला. मी त्याच्या विमानात बसलो. तो गेला तो डेंग्यूनं, आणि ज्याला अजून शंका आहे त्यानं..."

इथं माइक बंद पडला. दादूसनं वायर ओढली होती. वायर हातात घेऊन तो उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला कळेना पुढे बोलावं की खाली बसावं. मागच्या रांगेतला एक जण अर्धवट उठला होता, जायला का ऐकायला, ते समजत नव्हतं.

तेव्हा तुझी आये बोलली. बारा दिवसांत पहिल्यांदा. वळून न बघता, समोर बघत, धक्क्यावरून बोटीला हाक मारावी तशा आवाजात.

"दादूस, खाली बस. बाल्या, मोठ्यानं बोल रं. मागल्यांना न्हाय ऐकाया आलं."

मी माइक खुर्चीवर ठेवला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.